नाळेवरचं नाव

आमच्याकडे चेंडू उशिरा पडतो.
शेजारी धुऱ्यांच्या पडवीत आधी ओरडतात,
गेलो! गेलो!
आणि आमच्या पडद्यावर बोलर अजून
पँटीला चेंडू घासत मागे चाललाय.
कुंपणापलीकडून येतं आमचं भविष्य,
चौदा सेकंद आधी. मी मोजलंय.
हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात,
तोंडावर आशा तशीच धरून बसतात
बाद झालेल्या माणसासाठी.

मग गोल.
पांढरा, बारीक, स्वतःभोवती फिरणारा.
टॉवर तिकडे सड्यावर,
मधे माडांची आख्खी वाडी
आणि वायरीला लोंबकळणारे वानर.
लवू केबलवाला म्हणतो,
"वयनी, वानरांका मी काय सांगू?"
भरतीची वेळ निदान तिथीवरून काढता येते.
ह्याची कशावरून काढायची?

सेमीफायनलच्या रात्री पॅक संपलेला.
कुणीतरी लिंक धाडली, फुकट बघा.
तीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस,
पाण्याच्या रंगावरून तळ सांगणारा,
ढग नसताना वारा ओळखणारा,
त्याने हिरवं बटण बघितलं
आणि दाबलं.
खिडकीवर खिडकी उघडत गेली,
फोन तव्यासारखा तापला,
कोण बाई इंग्रजीत हसली.
सकाळी खात्यातून तीन हजार सातशे गेलेले.
"दोन टोपल्ये बांगडे," एवढंच बोलले.
जाळं फाटलं की चारचौघांत बसून शिवतात.
हे भोक त्यांनी एकट्याने शिवलं,
धुऱ्यांना कळू न देता.

पुढचा पॅक रेवतीने पुण्याहून भरला.
आठवड्याने तिचा फोन:
"आई, आपल्या खात्यावर तिसरं कोणीतरी आहे.
पासवर्ड काय ठेवलायस?"
मी सांगितला.
ती गप्प. मग हसली, आणि मग नुसतीच गप्प.

पासवर्ड म्हणजे आमच्या बोटीचं नाव
आणि पुढे तिचा नंबर.
निळ्यावर पिवळ्या, हातभर अक्षरांत
नाळेच्या दोन्ही अंगांना रंगवलेला.
रंग मीच कालवला होता.
बोट तीन वर्षांपूर्वी विकली, जयगडच्या माणसाला.
म्हणजे तेव्हापासून रोज पहाटे
आमच्या घराची चावी
बंदरातून बाहेर पडते,
सगळ्या किनाऱ्याला वाचता येईल अशी,
आणि मासळी घेऊन परत येते.

"नवं उपकरण. ठिकाण अज्ञात."
रेवती म्हणाली, हाकलून दे त्याला.
तिने दाखवलं तिथे मी बोट नेलं, दाबलं नाही.
आधी बघितलं, तो काय बघतो.
एकच सिनेमा. सहा वेळा लावलेला.
दर वेळी थांबलेला एक्केचाळीस, बेचाळीस मिनिटांवर,
आणि वेळ पहाटेची, पाचच्या आगेमागे.
मला रेंज कुठे तुटते ते ठाऊक आहे.
कितीदा किनाऱ्यावर उभी राहून
ह्यांचा आवाज मधेच तुटलेला ऐकलाय,
"हॅलो, ऐकता मा? हॅलो..."

ह्यांना सांगितलं तर चष्मा काढला.
"खलाशी आसतलो कोणतरी," म्हणाले.
आणि जरा वेळाने,
"इंजिन बरा चालता काय रे तिचा?"
मला नव्हे. फोनला विचारलं.

पासवर्ड बदलला. बदलायलाच हवा होता,
बांगड्यांचा हिशेब मी विसरलेली नाही.
आता त्यात एक असं चिन्ह आहे
जे कुठल्याच बोटीवर कुणी रंगवणार नाही,
आणि जे शोधताना माझा चहा गार होतो.

पण त्या आधीच्या रात्री
मी तो सिनेमा लावला, बेचाळिसाव्या मिनिटापासून.
गोल तीनदा फिरला. मी बसून राहिले.
भाऊ घरी येतो शेवटी. उशिरा, पण येतो.
जयगडच्या दिशेला तोंड करून
हे कुणाच्या कुंपणावरून ओरडायचं, सांगा.